जटेची राखण

माझे केस मीच कापते. हौस म्हणून नाही आणि पार्लर लांब आहे म्हणूनही नाही. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक पार्लर आहे, आणि तिथल्या मुलीचा हात चांगला आहे, ती बोलकीही आहे. तिच्याकडे एकदाच गेले होते. तिनं खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, फवाऱ्यानं पाणी मारलं आणि मागून माझ्या केसांची मूठ धरली. तिचं काही चुकलं नव्हतं, कापायचे तर धरावे लागतातच. पण मूठ आवळली आणि माझं कोपर मागे गेलं ते थेट तिच्या तोंडावर. ओठ फुटला बिचारीचा. रुमालानं रक्त टिपत ती मलाच विचारते, "काकू, तुम्हाला फिट येते का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

तेव्हापासून घरीच. न्हाणीतला आरसा समोर, हातातला छोटा आरसा मागे, खाली जुनी साडी पसरलेली. ओले केस खोटं बोलतात, वाळले की आखडतात, म्हणून कापताना बोटभर जास्तच ठेवायचे आणि वाळल्यावर पुन्हा एकदा हात फिरवायचा. मागचे केस दिसत नाहीत, ते बोटांनी मोजायचे. सुरुवातीला उंदरानं कुरतडल्यासारखे कापले जायचे, आता जमतं. शेजारणी म्हणतात, एवढे आखूड कशाला ठेवता, वय काय तुमचं. मी म्हणते, उकडतं. खरं माप वेगळं आहे. कुणाच्याही मुठीत येणार नाहीत एवढेच माझे केस असतात.

माझं माहेर शिंदखेड्याजवळचं एक खेडं. वडील मी लहान असतानाच गेले, घरात मी आणि माय. माय दिवसभर लोकांच्या शेतात कापूस वेचायची, पण रविवारी माझं डोकं तिचं. शिकेकाई, रिठा उकळून ठेवायची, ते पाणी डोळ्यांत गेलं की मी बोंब मारायची, आणि माय वरून एक धपाटा द्यायची. नंतर विंचरणं. फणी हातात आली की ती माझी वैरीणच व्हायची. गुंता सोडवायचा नाही, उपटायचा. मी मान हलवली की फणीच्या पाठीनं टाळक्यात टोला. "हालू नको. केस म्हंजे बाईनं सोनं शे," असं म्हणायची. मी म्हणायची, मग मोडून टाक सोनाराकडे. ती हसायची आणि अजून एक टोला द्यायची. त्या माराचा मला कधी राग आला नाही. मायचा मार आणि दुसऱ्याचा मार यात काय फरक असतो, हे तेव्हा कळायचं कारणच नव्हतं.

माझी वेणी कमरेच्या खाली गेली. नशिराबादची मंडळी मला पाहायला आली तेव्हा सासूबाईंनी मला पाठमोरं उभं केलं आणि केळीचा घड हातानं जोखावा तशी माझी वेणी जोखली. "केस चांगले हायेत," म्हणाल्या. माझं शिक्षण किती, मला काय येतं, काही विचारलं नाही. मी शिवणकाम शिकले होते, ते सांगायचं राहूनच गेलं. माय मात्र खूश होती. तिच्या इतक्या वर्षांच्या रविवारांचं चीज झालं होतं.

नवरा जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात मशीनवर. दिसायला साधा, बोलायला मऊ. चार माणसांत तोंड उघडणार नाही. गोगलगाय आणि पोटात पाय, असं म्हणतात ते अशाच माणसाकडे बघून म्हणतात की काय, असं मला नंतर वाटायला लागलं. त्यानं पहिल्यांदा माझी वेणी धरली ती मी हसले म्हणून. नणंदेच्या नवऱ्यानं काहीतरी विनोद केला होता, सगळेच हसले, मीही हसले. पाहुणे गेल्यावर यानं दार लावलं, वेणी हाताला गुंडाळली आणि माझं तोंड फरशीला लावलं. "हास आता," म्हणाला.

हातानं मारलं तर माणूस चुकवतो, वाकतो, पळतो. केस धरले की सगळं संपलं. हात जिकडे जाईल तिकडे डोकं, डोकं जिकडे जाईल तिकडे अंग. बैलाला कासरा असतो तसा त्याला माझ्या वेणीचा कासरा सापडला होता. दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचा ते केसांनी, खाटेवरून खाली ओढायचा ते केसांनी. सासूबाई शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायच्या. पुढे पुढे नुसता टीव्हीचा आवाज वाढला तरी माझी मान आखडायची.

मी काही गरीब गाय नव्हते. मी पण चावले आहे, ओरबाडलं आहे. त्याच्या मनगटावर माझ्या दातांचा वण आहे आणि तो तिथं आहे याचं मला आजही बरं वाटतं. पण त्यानं काही थांबलं नाही. मग मी अंबाडा घालून पाहिला, घट्ट, पिना लावून. तो आधी अंबाडा सोडायचा, शांतपणे, एकेक पीन बाजूला ठेवत. एकदा डोक्याला चिक्कार तेल थापलं, म्हटलं मूठ निसटेल. त्यानं टॉवेलला हात पुसले आणि वेणी पुन्हा धरली. शेवटी मी सासूबाईंना म्हटलं, मी केस कापते, फार गळतात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "नवरा जिता असतांनी कोनती बाई केस कापते?" म्हणाल्या. "लोकं काय म्हनतीन, कोन मेलं तुह्या घरी?"

मग तो दिवस आला. कशावरून झालं ते सांगण्यासारखं नाही, भाकरी करपल्याचं निमित्त होतं. मी ओट्यापाशी उभी होते. त्यानं मागून वेणी धरली आणि मला स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत ओढत नेलं. उंबऱ्याला माझा पाय अडकला, मी पाय रोवला, तो थांबला नाही. आवाज आला, कापड फाटतं तसा. मला आधी वाटलं ब्लाऊज फाटला. हात मागे नेला तर हाताला ओलं लागलं आणि त्याच्या मुठीत केसांबरोबर माझी कातडी होती. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

दवाखान्यात टाके घातले. मी न्हाणीत घसरले असं सांगितलं. डोकं भिजवू नका, विंचरू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंनी टाक्यांच्या आजूबाजूला हळद-तेल थापलं, रोज थापलं, कारण त्यांचा डॉक्टरपेक्षा हळदीवर विश्वास. जखमेत पू झाला, तो निस्तरला, पुन्हा टाके घातले. कितीतरी आठवडे डोक्याला फणी लागली नाही. रक्त, हळद, तेल आणि अंगणातली धूळ, सगळं केसांत बसलं. टाके निघाले तेव्हा सासूबाई फणी घेऊन माझ्या मागे बसल्या. फणी आत जाईना. त्यांनी जोर केला तसा फणीचा दात मोडला. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, मग एकदम मागे सरकल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"जट आली," म्हणाल्या. "मायबाई आली घरात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या डोक्यातलं रक्त त्यांनीच फडक्यानं पुसलं होतं. हळद त्यांनीच थापली होती. हे केस कशानं चिकटले हे जगात एका माणसाला नक्की ठाऊक असेल तर ते त्यांना. पण जट आली की ती देवीनं दिलेली, एवढं त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की स्वतःच्या हाताचा पिवळा रंगही त्यांना दिसेना. मला हसू येणार होतं. तेवढ्यात त्यांनी पाट मांडला, मला त्यावर बसवलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, त्या घरात माझ्या पायांकडे कुणी बघितलंही नव्हतं.

तो कामावरून आला. सासूबाई दारातच त्याला आडव्या झाल्या. "आता हिले हात नोको लावू. तुह्या आत्याचं इसरू नोको."

त्याच्या आत्याला जट होती. तिच्या नवऱ्यानं दारूच्या भरात ती कापली आणि पुढच्या महिन्यात तो ट्रॅक्टरखाली गेला, असं या घरात सांगतात. माझा नवरा ही गोष्ट ऐकत लहानाचा मोठा झालेला. त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्या रात्रीपासून त्यानं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. मी पहिल्यांदा त्या घरात पाय ताणून झोपले.

मला माहीत होतं हे काय आहे. सुकलेलं रक्त आणि तेल. कोमट तेलात भिजवून, धीरानं बसलं तर तेव्हा ती दोन-तीन दिवसांत सुटली असती. मी ती सोडवली नाही. उलट राखली. बायका केस राखतात, त्यांना जपतात, तशी मी ती जट जपली. डोक्यावरून पाणी घेतलं नाही. कडेचे मोकळे केस थोडे थोडे त्यातच वळवत गेले. मंगळवार-शुक्रवार बायका यायच्या, हळद-कुंकू वाहायच्या, ते सगळं त्यात जिरायचं. जट मनगटाएवढी जाड झाली, खाली आली, कडक झाली. मान दुखायची, उवा व्हायच्या, उन्हाळ्यात वास यायचा. पण तो समोरून जाताना माझ्यापासून हातभर अंतर ठेवून जायचा. त्या हातभर अंतरासाठी मी अजून दहा जटा वाहिल्या असत्या.

आणि खोटं कशाला बोलू, मजाही आली. एकदा मी पाटावर बसून डोळे फिरवले आणि घरात मिक्सर पाहिजे म्हणाले. देवीला मिक्सर कशाला लागतो हे कुणी विचारलं नाही. आठ दिवसांत मिक्सर आला. मग शिवणाचं मशीन आलं. मी घरात बसून ब्लाऊज शिवायला लागले, साडीला फॉल लावायला लागले. शेजारची अक्का डोळा मारून म्हणायची, "तुही देवी शिकलेली दिसते गं."

मार थांबला, असं मी मायला फोनवर सांगितलं. जटेचं सांगितलं नाही. माय म्हणाली, सांगितलं होतं ना, पोरगी मोठी झाली की माणूस निवतो.

पण त्याचा हात निवला नव्हता. त्याला फक्त धरायला काही नव्हतं. मुलगी तिसरीत गेली, तिचे केस माझ्यासारखेच दाट, शाळेत दोन वेण्या लागतात म्हणून मी रोज घालून द्यायची. एकदा तिच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला आणि त्यानं तिची एक वेणी ओढली. नुसती ओढली, जरा जोरात. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण मला आतून कुणीतरी ओढल्यासारखं झालं. पुढच्या वेळी त्यानं दोन्ही वेण्या धरून तिला जमिनीवरून उचललं. तिचे पाय हवेत. मी किंचाळत आले, केस पुढे घेतले, डोळे फिरवले, देवीचा आवाज काढला, सोड म्हणाले. त्यानं सोडलं. त्या वेळी सोडलं.

तिसऱ्या वेळी त्यानं सोडलं नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "देवीनं तुले घेतलं. पोरीले कुठं घेतलं?"

बरोबर होतं त्याचं. देवीच्या कायद्यानं बरोबर होतं. शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढला. मी त्याच्या अंगावर धावले, त्यानं मला पायानं दूर लोटलं, हातानं नाही. हात त्यानं मला लावलाच नाही. माझ्या जटेला धक्का लागणार नाही याची काळजी घेत तो माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीला मारत होता. एवढा संताप मला स्वतः मार खाताना कधी आला नव्हता. मी सुखात होते आणि माझ्या सुखाचा हप्ता ती भरत होती.

त्यानंतर एका शनिवारी दुपारी मुलगी दिसेना. शोधलं तर न्हाणीत, दार लोटून बसलेली. एक वेणी सोडलेली, केसांत तेल आणि हळद चोपडलेली, आणि दोन तळव्यांत एक बट धरून ती वात वळल्यासारखी वळत होती. मी विचारलं, काय करतेस.

"जट करतेय," ती म्हणाली. "होतच नाहीये. तुझी कशी झाली ते सांग ना."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "रक्त लागतं का मम्मी त्याला?"

तिच्या मांडीवर कंपासपेटी उघडी होती आणि कर्कटक बाहेर काढलेलं होतं. मी ते उचललं. टोकाला काही लागलेलं नव्हतं. मी तिचं सगळं डोकं बोटांनी तपासलं, कुठं जखम नव्हती. मग मी न्हाणीच्या फरशीवर तिच्यासमोर बसले आणि रडले. एवढ्या वर्षांत तिच्यासमोर पहिल्यांदाच. ती माझं डोकं थोपटत होती, जट सोडून बाकीचं. तिलाही भीती वाटत होती जटेची.

त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. सोमवारी सकाळी तो यायच्या आत मी शिवणाची मोठी कात्री काढली, पाणी गरम केलं, वाटीत तेल घेतलं आणि मुलीला समोर बसवलं. सासूबाई मंदिरात गेल्या होत्या. पळून जायचं मी ठरवलं नव्हतं. मला फक्त पोरीला दाखवायचं होतं की जट कापली तरी आकाश कोसळत नाही. जट आणि कातडी यांच्यामध्ये बोट घालून जागा शोधावी लागते, आधी तेल सोडावं लागतं. जुन्या जखमेच्या जागी केस नव्हतेच, तिथून सुरुवात केली. कात्री चालेना. कापडाची कात्री ती, दोराला काय करणार. चावत चावत एकेक बट तोडली. डोकं भणभणत होतं, डोळ्यांत तेल जात होतं. शेवटची बट तुटली आणि जट फरशीवर पडली, ओल्या फडक्यासारखी, थप्प असा आवाज करून. मानेला वारा लागला. मी विसरले होते मानेला वारा लागतो ते.

मुलगी छताकडे बघत होती. छत जागच्या जागी होतं. "आता माझे," ती म्हणाली.

तिचे केस मी मुलासारखे कापले. वेण्या खाली पडल्या तशा तिनं त्या पायानं लांब सरकवल्या. मागचं राहिलं होतं तेवढ्यात तो आला.

दारात थांबला. आधी त्यानं फरशीवरची जट पाहिली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो वाट बघत होता. काहीतरी होईल, पाल चुकचुकेल, वीज जाईल, मी खाली कोसळेन. काहीच झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता. भीती त्याच्या तोंडावरून उतरताना मी पाहिली, आणि तिच्याखाली जे होतं तेही पाहिलं.

"आता कोन वाचवीन तुले?" तो म्हणाला.

त्याचा हात सवयीनं माझ्या मानेमागे आला आणि तिथं त्याला काहीच सापडलं नाही. बोटं नुसतीच वळली, तेलानं घसरली. त्यानं दुसऱ्यांदा धरायला पाहिलं. मग चिडून त्यानं मंगळसूत्र धरलं आणि ओढलं. ते गळ्यात रुतलं, मग तुटलं, काळे मणी सगळीकडे उडाले. मी हात वर केला तसा त्यानं मनगट पिरगाळलं, बांगड्या फुटल्या, काचा आत घुसल्या. मुलगी त्याच्या पायाला चावत होती. त्यानं तिला लाथेनं उडवलं, ती भिंतीला जाऊन आपटली. माझ्या उजव्या हातात कात्री अजून होती. मी ती त्याच्या दंडात घातली. पूर्ण ताकदीनं घातली आणि काढली आणि परत घातली. तो ओरडला तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं त्या घरात ओरडायचं काम माझं होतं.

सासूबाई तेवढ्यात आल्या. लेक दंड धरून खाली बसलेला, बोटांतून रक्त गळतंय, सून कात्री घेऊन उभी. त्या धावल्या, आणि आधी जट उचलली. पदरात घेतली, तिच्यावरचे मणी झटकले, कपाळाला लावली. मग लेकाकडे वळल्या. मी मुलीचा हात धरला आणि बाहेर पडले. तिचं डोकं फुटलं नव्हतं, नुसतं टेंगूळ आलं होतं.

जळगाव स्टेशनवर सुरतकडे जाणारी पॅसेंजर मिळाली. डब्यात बसायला जागा नव्हती. मला बघून एक बाई खिडकीची जागा सोडून उठली. मला कळेना एवढा मान का. तिनं हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

मला वाटलं केसांचं विचारते. "आज सकाळी," मी म्हटलं.

ती च्च च्च करत राहिली. मुलीला बिस्किटाचा पुडा दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अमळनेर येईपर्यंत माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. नरडाणा गेल्यावर मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं. डोकं भादरलेलं, कपाळ घामानं आणि तेलानं पुसलेलं, गळा मोकळा, हात मोकळे. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी एवढाच विचार करत होते की माय ठेवून घेईल का. तिनं नाही म्हटलं तर संध्याकाळच्या गाडीनं पोरगी परत त्याच्या हातात जाणार होती.

माय ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. मी अंगणात आले. तिनं वर बघितलं आणि सूप तिच्या हातून पडलं.

"मन्हा जवाई गया रे देवा," माय ऊर बडवायला लागली, "मन्ही पोर उघडी पडनी."

मी काही बोलायच्या आत बायका जमल्या. कुणी मायला धरलं, कुणी मला मिठी मारून गळा काढला. समोरचे आबा टोपी काढून खांबाला टेकले. माय जमिनीवर डोकं आपटत होती, त्याचं नाव घेऊन त्याचे गुण गात होती, कसा मऊ बोलायचा, कसा पाया पडायचा. मी आयुष्यात त्याची एवढी स्तुती ऐकली नव्हती. शेवटी मी तिचे दोन्ही हात धरले.

"माय, तो जित्ता शे," मी म्हणाले.

रडं थांबलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मायनं माझं डोकं पाहिलं, गळा पाहिला, हात पाहिले. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि आवाज एकदम कोरडा झाला.

"मंग तू आठे कसाले उनी?"

तो मेला असता तर मायच्या घरात मला जागा होती. तो जिवंत होता, मग मी इथं कशाला आले, असं ती विचारत होती. त्याच्या सगळ्या माराचं मला जेवढं लागलं नसेल तेवढं हे लागलं. मी मायचा हात धरला आणि माझ्या डोक्याच्या मागे नेला, जिथं केस नाहीत तिथं. टाक्यांची वाकडी रेघ आहे तिथं. तिची बोटं त्यावरून गेली, परत आली, परत गेली. हे डोकं तिनं सोळा-सतरा वर्षं विंचरलं होतं, त्यातली प्रत्येक जागा तिला पाठ होती. मग मी मुलीला पुढे केलं. तिच्या कानामागे केस ओढून ओढून लाल झालेली कातडी होती, ती मायनं स्वतःच शोधली.

माय उठली. न्हाणीत गेली, पाण्यानं भरलेली बादली घेऊन आली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. पदर कमरेला खोचला.

"बठ्ठा आयका," ती सगळ्यांना म्हणाली. "मन्हा जवाई मरी गया. आते आंघोय करा."

एखाद्याच्या नावानं आंघोळ करणं हे मी बोलण्यात हजारदा ऐकलं होतं. करताना कुणाला पाहिलं नव्हतं. मायनं तांब्या भरला आणि माझ्या डोक्यावर ओतला, मग दुसरा, मग स्वतःच्या डोक्यावर. आबा काहीतरी बोलायला पुढे झाले होते, ते मागे सरकले. बायकांमधली एक पुढे आली आणि तिनं मुलीच्या डोक्यावर पाणी घातलं.

मुलगी माझ्या अंगाला चिकटून बसली होती, दात वाजत होते. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "पप्पा खरंच मेले का?"

पाण्यानं माझं तोंड भरलं होतं. "नाही," मी म्हटलं. "इथं म्हणायचं असतं तसं."

"मग त्यांचा हात बरा होणार?"

"होईल."

मग तिनं मागे हात नेला, मानेवर, जिथलं कापायचं राहून गेलं होतं. तिथली बट तिनं मुठीत धरून पाहिली.

"मग हे पण काप," ती म्हणाली. "अजून बारीक काप."

मी मायकडे कात्री मागितली.